वहिनींची छपराची वाघीण

आमच्या वहिनींना राग आला की त्या सफेदी करायला घेत. माणसं भांडतात, भांडी आपटतात, रुसून बसतात. ही बाई चुन्याची बादली भरायची आणि कुंचा घेऊन सुटायची. आमच्या चुन्याच्या भट्टीचं आवार, कुंपणाचे दगड, झाडांचे बुंधे, कोंबड्यांचं खुराडं, सगळं पांढरंफेक. एकदा दादाचं नि त्यांचं काहीतरी बिनसलं, तर बिचाऱ्याच्या बसायच्या बाकालाही सफेदी झाली. तो बसला आणि उठला तेव्हा आम्ही पोट धरधरून हसलो. त्याला दिसलं नव्हतं. दादाला फारसं दिसतच नव्हतं म्हणा. ऐन तारुण्यात भट्टीवर चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचा खडा, फुटून डोळ्यांत गेली आणि तेव्हापासून त्याला जग म्हणजे धुक्यातल्या बाजारपेठेसारखं.

म्हणून भट्टी वहिनींवर पडली. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना चुना म्हणजे भिंतीला लावायचा एवढंच ठाऊक होतं. दादाचे डोळे गेले आणि पुढच्याच आठवड्यात त्या पदर खोचून भट्टीच्या तोंडाशी उभ्या होत्या. कामगारांना वाटलं, बाई आल्यात, चार दिवसांची हौस. ते चार दिवस काही संपले नाहीत. कोणी गिऱ्हाईक वजनावरून कुरकुरलं की त्या म्हणायच्या, "आम्ही चुना विकतो, लावत नाही."

मी धाकटा दीर. भट्टीच्या धुराने माझी छाती भरायची, म्हणून मी रेल्वेत लागलो, यार्डात शंटिंगच्या इंजिनावर. डबे जोडायचे, तोडायचे, या रुळावरून त्या रुळावर ढकलायचे. आणि इथेच माझा हात दगडाखाली सापडला. कारण आमच्या घराची स्वतःची वाघीण होती.

आता हे आजच्या लोकांना खोटं वाटेल. मालगाडीचा डबा, ज्याला आम्ही वाघीण म्हणतो, तो कोणाच्या घरचा कसा असेल? पण पूर्वी असायचा. रेल्वेकडे रूळ होते, इंजिनं होती, डबे मात्र पुरेसे नव्हते. तेव्हा रेल्वेने व्यापाऱ्यांना सांगितलं, बाबांनो, ज्याला माल न्यायचाय त्याने आपापली वाघीण बांधून आणा, आम्ही ओढतो. मग काय, खाणवाले, तेलवाले, मीठवाले, सगळ्यांनी बांधल्या. मोठ्यांच्या रांगाच्या रांगा, आमच्यासारख्यांची एखादी. बाजूवर हातभर उंचीच्या अक्षरांत मालकाचं नाव. बाजारात नाव झालं म्हणजे काय, तर गाडीवर नाव झालं. आमच्या आजोबांनीही बांधून घेतली आणि आपलं नाव घातलं.

आमची मात्र साधी नव्हती. तिला छप्पर होतं, घरासारखं दोन्हीकडे उतरतं, वर डांबर फासलेलं, चुना भरायला छपरातच झाकणाची दारं. चुनकळीला पाण्याचा थेंब चालत नाही. थेंब लागला की ती तापते, फुटते, वाफा सोडते आणि जवळचं लाकूडकापड पेटवते. म्हणून छप्पर. छप्पर नाही तर चुना नाही, इतकं सोपं आहे हे.

आणि या खाजगी वाघिणींनी आम्हा यार्डवाल्यांच्या नाकी नऊ आणले होते. रेल्वेची वाघीण असली की कुठेही सोडा, कोणीही भरा. पण ही नाववाली रिकामी झाली की तिच्याच घरी पोचवायची. ती नेमकी गाडीच्या मधोमध अडकलेली असायची. एक डबा काढायला अख्खी गाडी तोडा, पुढे न्या, मागे आणा, परत जोडा. आम्ही मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचो. त्यात आमच्याही पिढ्या यायच्या. यार्डातली पोरं मला बघून मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आली रे आली, घरची लाडकी आली!" मी घरी जाऊन वहिनींना म्हणायचो, "वहिनी, ती वाघीण मोडीत काढा, नाहीतर मला काढतील." त्या म्हणायच्या, "भावजी, जेवून घ्या. रिकाम्या पोटी माणूस काहीही बोलतं."

मग युद्ध आलं. सरकारने सगळ्या वाघिणी एका ढिगात घातल्या. कोणाचीही असो, जो स्टेशनवर आधी मागेल त्याला मिळेल. आमची छपराची गेली ती गेलीच. कोणी तिच्यात कोळसा भरला, कोणी गवत. आणि आमच्या वाट्याला आली उघडी वाघीण आणि वर एक ताडपत्री. पहिल्याच खेपेला वाटेत पाऊस लागला, ताडपत्रीला भोक होतं, आणि गाडी आडरानात थांबवावी लागली, कारण मधला डबा धुमसत होता. आमचा चुना घेणाऱ्या कागद गिरणीवाल्याने तो माल घेतला नाही. पुढचाही घेतला नाही. ती वर्षं आमच्या घराने कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. युद्ध संपल्यावर ती वाघीण लंगडत, पोचे खाऊन परत आली, तेव्हा वहिनी तिच्या चाकाला टेकून रडल्या. मी बघितलं नाही असं दाखवलं.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. थोड्याच वर्षांत रेल्वे राष्ट्राची झाली आणि नवा हुकूम निघाला: खाजगी वाघिणी बंद. चांगल्या असतील त्या रेल्वे घेईल, जुन्या असतील त्या तोडल्या जातील. ज्यांनी अडीनडीला आपल्या पैशाने डबे बांधून दिले, त्यांना एका सहीने मोकळं केलं. गरज सरो, वैद्य मरो! मी रेल्वेचा पगार खाल्ला, तरी हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आताही म्हणतो.

हुकुमात एकच फट होती. ज्या वाघिणी खास मालासाठी बांधल्यात, टाक्यांच्या, छपराच्या, त्या मालकाकडे राहू शकतील. पण तपासनीस येऊन पास करेल तरच. नापास झाली तर तिथेच मोडीत, आणि नवी बांधायला परवानगी नाही. म्हणजे वाघीण गेली की भट्टी गेली. भट्टी गेली की तिच्यावर जगणारी कामगारांची घरं गेली, आणि डोळ्यांनी अधू असलेल्या माझ्या भावाला या वयात दुसरं काम कोण देणार होतं? वहिनींनी मला एवढंच विचारलं, "तपासनीस कसा माणूस आहे?" मी म्हटलं, "कडक आहे. कोणाच्या घरचा चहासुद्धा घेत नाही." त्या म्हणाल्या, "बरं झालं. चहाने पास झालेली वाघीण मला नकोच."

असं म्हणाल्या खऱ्या, पण तपासणीच्या आदल्या दिवशी त्या हुकुमाचा राग उफाळून आला असणार. कारण मी ड्युटीवरून आलो तर काय बघतो? बाईने अख्ख्या वाघिणीला सफेदी आरंभली होती. आधी कामगारांकडून चिंध्या आणि रॉकेलने सगळं वंगण पुसून घेतलं होतं, चाकं, स्प्रिंगा, खालचे दांडे, काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आणि आता स्वतः वाघिणीखाली पाठीवर झोपून चाकांच्या जोडीमधल्या जाड दांड्याला, ॲक्सलला, कुंच्याने चुना फासत होत्या.

मी कपाळाला हात लावला. "वहिनी, ॲक्सलला कोणी सफेदी करतं का? तो काय तुळशी वृंदावनाचा कट्टा आहे?"

"पाहुणा येणार आहे. त्याला घाण दाखवायची?"

"तो पाहुणा नाही, तपासनीस आहे! त्याला वाटेल आपण काहीतरी लपवतोय."

"वाटू दे. भावजी, तेवढी बादली सरकवा."

करणार काय? बादली सरकवली.

तपासनीस सकाळी आला. उंच, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी आणि भिंग. पांढरीशुभ्र वाघीण बघून त्याच्या भुवया वर गेल्या, आणि त्याने पिशवी खाली ठेवली. आमच्या आवाराच्या भिंतीला टेकून वखारवालेही उभे होते. हे शेजारी, कोळशाच्या वखारीचे मालक. त्यांच्या आजोबांनी आणि आमच्या आजोबांनी एकाच कारखान्यातून, एकाच वेळी वाघिणी बांधून घेतल्या होत्या, इतका त्यांचा दोस्ताना. पुढच्या पिढ्यांनी मात्र भिंतीपायी वैर केलं. यांच्या कोळशाची पूड आमच्या चुन्यावर, आमच्या चुन्याची पूड यांच्या कोळशावर. वहिनी त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायच्या, "कोळसा उगाळावा तितका काळाच." ते भिंतीपलीकडून शिंकायचे, मुद्दाम. कोळशाला छप्पर लागत नाही, म्हणून हुकूम निघाल्यावर त्यांच्या चांगल्या वाघिणी रेल्वेने नेल्या आणि दोन म्हाताऱ्या साइडिंगवर, म्हणजे आमच्या आवारांना लागून असलेल्या जोडरुळावर, तोडायला ठेवल्या. तोडणारे यायचे होते. तोवर वखारवाले रोज त्या दोघींना हात लावून घरी जायचे.

आज ते कशाला आले होते? वहिनींच्या मते, आमची गंमत बघायला.

तपासनिसाने छप्पर बघितलं, झाकणं उघडमीट केली, छपरावर पाणी ओतून आत गळतंय का पाहिलं, हातोडीने चाकं वाजवली, खाली वाकून सगळीकडे नजर फिरवली. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. मग त्याने मला ब्रेक बघायला वाघीण थोडी हलवायला सांगितली. मी इंजिन मागे आणलं, डबा लागला, जरासा धक्का बसला, वाघीण चालली, ब्रेक लागला, थांबली. "ठीक आहे," तो म्हणाला आणि सही करायला शेडमधल्या टेबलाकडे गेला. दादाने हात जोडले. कामगार एकमेकांना कोपरं मारायला लागले. माझ्याही जिवात जीव आला.

वहिनींना मात्र चैन कुठलं? तपासनिसाचा हात लागून एका ठिकाणचा चुना निघाला होता. तेवढं नीट करायला त्या कुंचा भिजवून पुन्हा खाली वाकल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या.

मी इंजिनावरून उतरून जवळ गेलो. पांढऱ्या ॲक्सलवर, चाकाच्या अगदी लगत, एक काळपट, बारीक रेघ उमटली होती. तेलाची. बघता बघता ती जरा रुंद झाली. रेल्वेत उगाच नव्हतो मी, लगेच ओळखलं. तडा होता तो. आत मुरलेलं वंगण धक्क्याने बाहेर येत होतं. आदल्या दिवशी सगळं वंगणाने बरबटलेलं असताना ती रेघ कोणाच्या बापाला दिसली नसती.

वहिनींच्या हातात ओला कुंचा. शेडमध्ये तपासनीस पेनाचं टोपण काढतोय. कुंच्याचा एक फटकारा, आणि रेघ गेली. रेघ गेली म्हणजे भट्टी राहिली, दादा राहिला, सगळं राहिलं. त्यांनी कुंचा उचललासुद्धा. चुन्याचा थेंब त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. पलीकडून दादाने विचारलं, "अगं, काय झालं? गप्प का सगळे?"

वहिनींनी कुंचा बादलीत टाकला. "साहेब," त्यांनी हाक मारली, "इकडे या जरा. सही नका करू."

मला त्या क्षणी इतका संताप आला म्हणता! मी दातओठ खात कुजबुजलो, "वहिनी, काय केलंत हे?"

त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच. "भावजी, ही गाडीच्या मधोमध लागते. तुम्हीच सांगता ना? मागे पुढे माणसं असतात. रेल्वेची वाघीण रुळावरून उतरली तर लोक म्हणतात रेल्वेची उतरली. ही उतरली तर बाजूवर आपलं नाव आहे."

मी बादली बाजूला सरकवली.

तपासनिसाने भिंग लावून रेघ पाहिली. हातोडीने दांड्यावर एक ठोका दिला. आणखी तेल पाझरलं. तो तसाच उकिडवा बसून म्हणाला, "बाई, तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

"काय?"

"कारखान्यात तडा शोधायला आम्ही हेच करतो. वंगण पुसायचं, खडूचा पांढरा हात द्यायचा, ठोका मारायचा. तडा असला की तेल आपणहून बाहेर येतं."

"मला कोणी शिकवलं नाही हो. पाहुणे येणार म्हणून सफेदी केली."

तो कडक माणूस हसला. पण लगेच त्याचा चेहरा उतरला. ॲक्सल तडकलेलं असताना तो सही करू शकत नव्हता. ॲक्सल चाकांच्या जोडीसकटच बदलावं लागतं, आणि रेल्वेच्या कोठारातून खाजगी वाघिणीला चाकं द्यायची नाहीत, असा हुकूम होता. "मालकाने स्वतः चांगली चाकं आणली तर मी बसवू देईन," तो म्हणाला. "पण आता नवी कोणी बनवत नाही. मला वाईट वाटतं, बाई. उद्या दुपारच्या गाडीने मला निघायचंय." दादा बाकावर खाली बसला. कामगारांनी माना खाली घातल्या. वहिनी नुसत्या उभ्या होत्या, हाताला चुना वाळत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना काही न करता उभं बघितलं.

तेव्हा भिंतीकडून खोकल्याचा आवाज आला. "ए चुनेवाली," वखारवाले म्हणाले, "माझीची घे."

कोणाला कळेना.

"माझ्या म्हातारीची चाकं घे म्हणतो. त्याच कारखान्याची, त्याच मापाची. माझ्या वाघिणीला नाहीतरी तोडायला येतायत. निदान चाकं तरी फिरू देत."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "आणि त्यांना तडा असला तर?"

"मग तुझी बादली आहे ना!"

अख्खं आवार हसलं, आणि कामाला लागलं. भट्टीचे कामगार, माझी यार्डातली मंडळी, एरवी 'घरची लाडकी' म्हणून चिडवणारी, सगळे पहारी आणि जॅक घेऊन साइडिंगवर. वखारवाल्यांची म्हातारी उचलून चाकांची जोडी बाहेर ओढली. वहिनींनी रॉकेलने ॲक्सल स्वतः पुसलं, अगदी बाळाची पाठ पुसावी तसं, आणि सफेदीचा हात दिला. तो वाळू दिला. तपासनिसाने हातोडी उचलली, ठोके दिले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग आम्ही सगळे त्या पांढऱ्या दांड्याभोवती बसलो आणि वाट बघितली. दादा सारखा विचारत होता, "आलं का काही? आलं का?" वखारवाल्यांचे ओठ हलत होते. मी एरवी देवाला फारसा त्रास देत नाही, पण त्या दिवशी दिला.

दांडा पांढराच राहिला. तपासनिसाने भिंग फिरवलं, पुन्हा ठोके दिले, पुन्हा थांबला. पांढराच. "चालेल," तो म्हणाला, आणि मग जरा लाजून, "बाई, आता चहा असेल तर घेईन."

दुसऱ्या दिवशी चाकं बसली, सही झाली, आणि भट्टीत पुन्हा चुनखडीचा दगड घालायचा हुकूम वहिनींनी असा दिला की भिंतीपलीकडची कबुतरंसुद्धा उडाली. त्या वखारवाल्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चाकांचं काय द्यायचं ते सांगा." ते म्हणाले, "द्यायचंच असेल तर वखारीच्या भिंतींना सफेदी करून दे. काळ्या भिंतींचा आता मला कंटाळा आलाय." राग नसताना वहिनींनी केलेली माझ्या आठवणीतली ती पहिली सफेदी.

वाघीण भरून निघाली त्या सकाळी इंजिनावर मीच होतो. वखारवाले तिच्या बाजूने चालत होते, लाकडावर हात ठेवून, हळूहळू. साइडिंग संपते तिथे मी वेग वाढवला आणि त्यांना हात काढावा लागला. मी मागे वळून पाहिलं. ते रुळाशेजारी कान देऊन उभे होते. वहिनी त्यांच्याजवळ जाऊन पोचल्या. पुढचं मला वहिनींनी सांगितलं.

वखारवाले म्हणाले, "ऐकलंस? तो माझ्या गाडीचा आवाज आहे. सगळ्या गेल्या, पण हा आवाज मी झोपेतही ओळखेन." आणि ते एवढे मोठे गृहस्थ, तोंडाला धोतराचा सोगा लावून रडायला लागले.

वहिनींनी त्यांचा हात धरला. "तुमच्याच चाकांवर चालली आहे ती, वखारवाले," त्या म्हणाल्या. "परत येईल तेव्हा आधी तुम्हालाच बोलावीन."

आणि वखारवाले जिवंत होते तोवर, प्रत्येक खेपेला, वहिनींनी बोलावलं.